बोलणं बंद केलंय, ‘फक्त’?

“आम्ही कुणाच्या अंगाला हात लावलेला नाही, फक्त बोलणं बंद केलंय.” गावाने एका घराला वाळीत टाकून गिरणीवर त्याचं दळणही बंद केलं, त्या प्रकरणात पंच कॅमेऱ्यासमोर हेच सांगत होते. परंपरा, गावाची एकी ही कारणंही आली. ती सोडून देऊ. हे ‘फक्त’ मात्र सोडवत नाही. फक्त दळण दळायचं नाही, फक्त किराणा द्यायचा नाही, फक्त मयताला खांदा द्यायचा नाही. मग त्या घराला जगायला उरलं काय? आणि ‘गावाने ठरवलं’ म्हणजे कोणी ठरवलं? नावं सांगा.

त्या पंचांपैकी एकाने या बहिष्काराला ‘शांततेचा बॉयकॉट’ म्हटलं, म्हणून सांगणं भाग आहे. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली गांजलेल्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० वर अडला आणि बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका, असं आयरिश नेते पार्नेल यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात एनिसच्या सभेत सांगितलं होतं. कुळांनी तेच अस्त्र कारभाऱ्यावर चालवलं. मजूर, गडी निघून गेले, दुकानदारांनी माल देणं थांबवलं. शेवटी बाहेरून ५० माणसं कापणीला आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो शिपाई. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला. वर्ष संपायच्या आत त्याचं आडनाव वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून छापलं जाऊ लागलं.

त्यातलंही सगळं मला पटत नाही. बॉयकॉटची टपालाची पिशवी नेणाऱ्या १२ वर्षांच्या पोराला धमकावलं गेलं, त्यात न्याय कसला? पण तिथे ज्याच्याविरुद्ध रान उठलं, त्याच्या पाठीशी लॉर्ड होता, पोलीस होते, सैन्य होतं. इथे सगळं गाव एका चुलीवर तुटून पडतं. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीत डॉ. आंबेडकर होते, दलितांना दडपायला सामाजिक बहिष्काराइतकं प्रभावी हत्यार दुसरं नाही, असं त्या समितीने नोंदवलं. मार सगळ्यांना दिसतो, बहिष्कार दिसत नाही, म्हणून तर पंचांना तो सोयीचा वाटतो.

महाराष्ट्रात याविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार घेऊन येणाऱ्या घराला ‘आपसात मिटवून घ्या’ हा सल्ला कोणीही देऊ नये. मिटवायचं कोणाशी, त्याच पंचांशी?