किरणोपचार आणि आलेले तोंड

डोके आणि मान यांच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू असताना तोंड येणे हा अपघात नव्हे. उपचार ज्या रीतीने काम करतो, त्यातूनच ते येते. तोंडाच्या आतल्या अस्तरातील पेशी एक-दोन आठवड्यांत बदलत असतात आणि झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना किरणांचा फटका आधी बसतो. साधारणपणे किरणांची रोज २ ग्रे मात्रा, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे असा क्रम असतो. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होऊन सोलवटते, मग पांढुरके व्रण उमटतात. जोडीला सिस्प्लॅटिनसारखे केमोचे औषध असेल तर त्रास वाढतो. त्याची तीव्रता ठरवताना जागतिक आरोग्य संघटना रुग्णाच्या घासाकडेही पाहते: तिसऱ्या पायरीवर फक्त पातळ पदार्थ गिळता येतात, चौथीवर तेही नाही.

आपल्याकडे दुखणे निमूटपणे सोसणाऱ्याचे कौतुक होते. या दुखण्यात ते महागात पडते. तोंड दुखते म्हणून जेवण सुटते, वजन उतरते, आणि किरण घेताना डोके स्थिर ठेवणारा, चेहऱ्याच्या मापाने बनवलेला प्लॅस्टिकचा मुखवटा सैल पडल्यास किरणांची आखणी नव्याने करावी लागू शकते. अशक्तपणामुळे चार-पाच दिवस खंड पडला, तर उरलेल्या कर्कपेशी त्या सवडीत वेगाने वाढतात. म्हणून वेदना आटोक्यात ठेवणे हा मूळ उपचाराचाच भाग मानायला हवा.

त्याची सुरुवात साध्या गोष्टींनी होते. पेलाभर कोमट पाण्यात चमच्याच्या टोकावर मावेल इतके मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या केल्या की चिकट लाळ सुटते. व्रण यामुळे भरत नाहीत, पण तोंड स्वच्छ राहते. ब्रश अगदी मऊ असावा. खरखरीत मंजन, मिश्री आणि अल्कोहोल असलेले माउथवॉश वर्ज्य. महाराष्ट्रात अनेक रुग्णांचे तोंड सुपारीमुळे आधीच पुरते उघडत नाही. त्यांना लहान मुलांचा ब्रश सोयीचा पडतो. बेंझिडामिनच्या गुळण्या आणि कमी शक्तीचा लेसर यांचा उपयोग अभ्यासांतून दिसला आहे. जिभेवर किंवा गालात दह्यासारखे पांढरे थर दिसले तर बुरशीची लागण असू शकते. तिचे औषध वेगळे असते.

बधिर करणारे औषध जेवणाआधी लावल्यास घास सुसह्य होतो, मात्र बधिर गाल चावला जाण्याची किंवा ठसका लागण्याची भीती असते. एवढ्याने भागत नसेल तर मॉर्फिन. त्याचे नाव काढताच घरचे लोक व्यसनाच्या धास्तीने मागे सरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेपुरते घेतल्यास तो धोका कमी असतो. रोजची खरी तक्रार बद्धकोष्ठाची, तिचे औषध सोबतच सुरू करतात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या कडक अटींमुळे मॉर्फिन मिळवणे अवघड झाले होते. २०१४च्या दुरुस्तीने त्या सैल केल्या, तरी घराघरांतला संकोच अजून उरलाच आहे.

जेवणात तिखट, आंबट आणि कडक गोष्टी आधी सुटतात: ठेचा, लिंबू, टोमॅटो, भाकरीची कड. मऊ भात आणि घट्ट वरण, नाचणीचे सत्त्व, दुधातला शिरा, मऊ अंडे, मिक्सरमधून काढलेले पनीर हे कोमट करून, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा द्यावे. नुसत्या पेजेवर वजन टिकत नाही. तीत तूप, दूध किंवा डाळ पडायला हवी. तरीही वजन उतरत राहिले तर नाकातून नळी घालतात. पुष्कळ घरांत नळी म्हणजे शेवट असे समजतात. खरे तर ती बहुधा काही आठवड्यांची सोय असते.

उपचार संपताच व्रण भरत नाहीत. पहिले काही दिवस त्रास तसाच राहतो, कधी वाढतोही. पुढे बहुतेकांचे तोंड दोन ते सहा आठवड्यांत सावरते. लाळग्रंथींवर किरण पडले असतील तर कोरड मात्र महिनोन्‌महिने, कधी कायमची राहते आणि दात लवकर किडतात. त्यासाठी फ्लोराइड आणि दंतवैद्याकडे नियमित तपासणी लागते. किरण लागलेल्या जबड्यातला दात काढल्यावर जखम न भरता हाड मरण्याचा धोका असल्याने, काढण्याजोगे दात उपचाराआधीच काढतात आणि नंतर दात काढायची वेळ आली तर आधी किरणोपचाराच्या डॉक्टरांना विचारावे लागते.