70 तास कोणाचे?

कापूस वेचणीची मजुरी आमच्या बेल्यात किलोवर ठरते, सालदाराची सालावर. याच भागातली शिकलेली पोरे आज हैदराबाद-पुण्याच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जातात. तिथे तास मोजतात. कोणता तास कोणत्या कामी गेला, हे प्रोग्रामर 'टाइमशीट'वर भरतो; पुष्कळदा त्यावरच परदेशी ग्राहकाचे बिल निघते. काम नसले की तो 'बेंच'वर बसतो. पगार चालू, जीव मात्र टांगणीला.

ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे. 1948 च्या कारखाने कायद्याने मर्यादा घातली होती 48 तासांची. मूर्तींच्या कष्टांविषयी मला शंका नाही. 1981 साली सहा सहकाऱ्यांसह त्यांनी कंपनी काढली, तेव्हा घड्याळाकडे कोण पाहणार? पण ते तास त्यांचे स्वतःचे होते. आपल्या वावरात माणूस चांदण्यातही राबतो. सालदाराला तसे राबवले, तर गाव त्याला जुलूम म्हणते. त्याग देता येतो, मागता येत नाही. ज्याच्या पदरी नफा पडणार, त्याने तर मुळीच मागू नये.

पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. बैल काही तो दिवस मागत नाही. धन्याने आपल्याच हाताला घातलेला तो आवर असतो. माणसांच्या धन्यांना एवढा आवर जड का व्हावा?