न दुखणारी गाठ आणि बुडणारा रोज

स्तनाचा कर्करोग हा भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात देशातील सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत इथे हा रोग साधारण दहा वर्षे आधी, म्हणजे ऐन कमावत्या वयात गाठतो. अमरावती-अकोला पट्ट्यात या वयाच्या बाया सापडतात त्या कापसाच्या वेचणीवर, जिनिंगमध्ये, डाळ मिलच्या निवडणीवर, वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या प्रतवारीवर. शिवाय अंगणवाडीत, शाळेत, बँकेत आणि कापडाच्या दुकानात. कामाच्या ठिकाणी जागृती म्हटले की डोळ्यांपुढे वातानुकूलित कचेरी येते. वऱ्हाडात ते चित्र फारच थोड्या जणींना लागू पडते.

रोग कळेपर्यंत वाढून जातो, याची कारणे दोन. पहिले वैद्यकीय आहे: सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. जिथे दुखणेसुद्धा अंगावर काढले जाते तिथे न दुखणारी गाठ दुखण्यात जमाच होत नाही. या भागाला हा प्रकार अनोळखी नाही. कुष्ठरोगाचा बधिर चट्टाही दुखत नसे, म्हणूनच दुर्लक्षिला जाई. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. शेजारच्या वर्ध्यात 1951 पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने पाहणी, शिक्षण आणि उपचार ही तिपेडी पद्धत रुजवली. रोग्याने दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने रोगापर्यंत जायचे, हे या मुलखाने तेव्हाच पाहिले आहे.

दुसरे कारण पैशाचे. वेचणीची मजुरी किलोवर असते. कमरेच्या ओटीत भरलेला कापूस संध्याकाळी धुऱ्यावर काट्याला लागतो, तेव्हा दिवसाची कमाई ठरते. जिल्ह्याच्या गावी जाऊन चिठ्ठी काढून रांगेत बसायचे तर पूर्ण दिवसाचा खाडा पडतो. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट असली, तरी बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे बाईच्याच पदरचे. त्यात ऑक्टोबर हा जगभर स्तन-कर्करोग जागृतीचा महिना. वऱ्हाडात त्याच सुमारास सोयाबीनची सोंगणी जोरात असते आणि कापूस फुटायला लागतो. वर्षात हाताला सर्वांत जास्त काम असते त्याच दिवसांत गुलाबी फितीची शिबिरे भरतात आणि मग बाया येत नाहीत म्हणून त्यांच्यावर अज्ञानाचा शिक्का बसतो. शेतमजूर बायांसाठी वेचणी आटोपल्यानंतरचे, उन्हाळा कडक होण्याआधीचे दिवस सोयीचे. मिल आणि जिनिंगमध्ये मात्र हंगामातच जायला हवे, कारण हंगामानंतर तिथे कोणी उरत नाही.

तिथे जाऊन नेमके काय करायचे, याबाबत दोन मोठे प्रयोग मार्गदर्शक आहेत. पहिला चीनमधला, तोही कापडाच्या कारखान्यांतला. शांघायमधील 519 कारखान्यांतल्या सुमारे 2 लाख 66 हजार कामगार स्त्रियांपैकी निम्म्या जणींना स्वतःचे स्तन स्वतः तपासायला काळजीपूर्वक शिकवले गेले, वरचेवर उजळणीही झाली. 2002 मध्ये आलेला अंतिम निष्कर्ष निराशाजनक होता. शिकवलेल्या गटात 135 मृत्यू, न शिकवलेल्या गटात 131. उलट शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींचे तुकडे तपासण्याचे प्रमाण मात्र वाढले.

दुसरा प्रयोग मुंबईचा. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून झोपडवस्त्यांतील 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या टप्प्यातला, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतला रोग तपासलेल्या गटात 37 टक्के, तर दुसऱ्या गटात 47 टक्के रुग्णांत निघाला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, हेही सांगायला हवे. यंत्र नाही, फिल्म नाही. शिकलेला हात आणि ठरलेली फेरी एवढ्यावर हे साधले. जिनिंगच्या आवारात मॅमोग्राफीची गाडी आणून फोटो काढण्यापेक्षा हा मार्ग वऱ्हाडाला अधिक परवडणारा आहे. चाळिशीच्या आत स्तनाची घडण दाट असल्याने मॅमोग्राफी तशीही कमी उपयोगाची ठरते.

शांघायच्या निकालावरून बाईने स्वतःच्या शरीराकडे लक्षच देऊ नये, असा अर्थ मात्र निघत नाही. काय बदलले तर दाखवायचे, एवढे प्रत्येकीला माहीत असावे: स्तनात किंवा काखेत गाठ, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्ताळ स्राव, कातडीला खळी पडणे, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्राळ दिसणे. हे शेवटचे लक्षण वरुड-मोर्शीकडच्या बाईला चित्राविना समजते.

प्रत्यक्ष तपासणीला पाच-दहा मिनिटे पुरतात. आधी बसवून, हात वर करायला लावून दोन्ही बाजू पाहतात. मग आडवे निजवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी कडेपासून मध्यापर्यंत आणि काखेत चाचपतात. त्यासाठी लागते कडी लागणारी खोली, एक बाक आणि बाई तपासनीस. अनेक मिलमध्ये नेमकी कडी लागणारी खोलीच नसते. मग मुकादमाच्या टेबलाआड चादर बांधली जाते आणि अर्ध्या बाया दारातूनच परततात. निदान पाळीतला तेवढा वेळ भरपगारी धरावा आणि तपासणीचा कागद बाईच्या हाती द्यावा. तो मालकाच्या फायलीत गेला की पुढच्या हंगामात कामावर घेतील का, ही भीती शिरते आणि ती भीती निराधार नसते.

केंद्र सरकारच्या 2016 च्या कार्यक्रमानुसार तिशीपुढच्या स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी तपासणी झालेल्या निघाल्या 0.9 टक्के. मालकाने ठरावीक कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी फुकट करून द्यावी, अशी तरतूद 2020 च्या कामगार संहितेत आहे. पण वार्षिक तपासणी म्हटली की बहुतेकांच्या मनात रक्तदाब आणि साखर एवढेच येते.

गाठ सापडली की खरी कसोटी लागते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; ते ठरवायला सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी लागते. पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान पुरे व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुरू केलेल्या मोहिमेत आहे. शिबिरात चिठ्ठी देऊन ‘अमरावतीला इर्विन रुग्णालयात दाखवा’ किंवा ‘अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात जा’ एवढे सांगितल्याने हे दिवस पाळले जात नाहीत. कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, सोबत कोण आणि त्या दिवसाचा रोज कोण देणार, हे शिबिराआधी ठरलेले असावे. ते ठरले नसेल तर शिबीर न घेतलेले बरे. शंका घालून वाऱ्यावर सोडलेली बाई पुढच्या शिबिराला येत नाही आणि शेजारणीलाही येऊ देत नाही.

उपचाराच्या खर्चाची सोय निदानापेक्षा बरी आहे. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे मूळ रूप 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले त्यांत अमरावती होता, आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार या योजनेत बसतात. बसत नाही ती बुडालेली मजुरी. उपचार महिनोन्‌महिने चालतात. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून पोती उचलणारीला परतल्यावर काही काळ निवडणीसारखे हलके काम द्यावे लागते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, पुरेशी वर्षे वर्गणी भरलेल्या कामगाराला, मजुरीच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण 1948 चा मूळ कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाने बाहेरच ठेवले. डाळ मिलच्या हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला हा लाभ मिळण्याची शक्यता आहे. रस्त्यापलीकडच्या जिनिंगमधल्या बाईला नाही.