रोपाला हात न लावणारे

अमेरिकेतील गांजाच्या परवानाधारक व्यापारात सर्व धंदेवाल्यांची एक सरळ वाटणी रूढ झाली आहे. जे पेरतात, खुडतात, सुकवतात अथवा विकतात ते रोपाला हात लावणारे. आणि जे दुकानाला जागा देतात, हिशेबाची यंत्रे पुरवतात, गिऱ्हाइकाचा पैसा दुकानदाराच्या खात्यापर्यंत पोचवतात ते रोपाला हात न लावणारे. ही वाटणी केवळ बोलण्याच्या सोयीची नाही. १९८२ सालच्या एका करविषयक तरतुदीने निषिद्ध मादक पदार्थांचा व्यापार करणाऱ्यास दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार यांसारखा खर्च उत्पन्नातून वजा करण्याची मुभा नाकारली. हात न लावणारा मात्र त्या तरतुदीच्या कचाट्यातून सुटला. कायद्याच्या दृष्टीने हा भेद ठीक असेल. परंतु त्या शब्दांत एक नैतिक दावाही दडलेला आहे. हाताला माती लागली नाही, तेव्हा मिळकतही निर्मळ राहिली, असा तो दावा होय. तो कितपत खरा मानावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम हा धंदा चालतो कसा, ते पाहू. वॉशिंग्टन राज्यातील मतदारांनी २०१२ साली प्रौढांसाठी गांजाच्या विक्रीस मान्यता दिली व जुलै २०१४ मध्ये तेथे दुकाने उघडली. पण १९७० च्या केंद्रीय कायद्याने हीच वस्तू सर्वांत कडक बंदीच्या वर्गात घातलेली होती. राज्य म्हणे विका, केंद्र म्हणे गुन्हा. या कात्रीत सापडलेल्या बँका खाते उघडण्यास कचरू लागल्या आणि मोठ्या कार्ड कंपन्यांनी आपले जाळे या मालासाठी बंद ठेवले. दुकानात येणारा सगळा पैसा रोकडा. तो मोजायचा, पेटीत ठेवायचा व जिवाच्या भीतीने न्यायचा. या अडचणीतून गांजाच्या पैशाची ने-आण करणाऱ्या तंत्रकंपन्या जन्मास आल्या. त्याच राज्यातील कर्कलँड येथील पोसाबिट ही त्यांपैकी एक. तिचे समभाग २०१९ साली कॅनडाच्या शेअर बाजारात नोंदले गेले. अशी कंपनी दर तीन महिन्यांनी भागधारकांपुढे आपला हिशेब मांडते. आपल्या यंत्रांतून एकूण किती डॉलरची विक्री झाली, त्यावर आपल्याला किती अडत मिळाली, खर्च वजा जाता काय उरले, आणि मागील वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा आकडा किती वाढला, हे त्यात असते. कागद अत्यंत सभ्य असतो. त्यात धूर नाही, नशा नाही, पान नाही की बोंड नाही. केवळ व्यवहारांची संख्या आहे.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, त्याचे आपल्याला काय, असे एखादा वाचक म्हणेल. म्हणून जरा उटनूरकडे वळू. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हा डोंगराळ मुलूख गोंडांचा. जवळच केसलापूर येथे पौषात नागोबाची जत्रा भरते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते, त्यामुळे मराठी येथे परकी नाही. कापूस, तूर आणि ज्वारी ही पावसावर सोडलेली पिके. अलीकडच्या वर्षांत या भागातील कापसाच्या व तुरीच्या ओळींमध्ये गांजाची रोपे सापडल्याची वृत्ते वारंवार येतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार अशी लागवड करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय २०२१ साली तेलंगणाच्या अधिकाऱ्यांनी अशा शेतकऱ्याचे रयतु बंधू योजनेचे साहाय्य बंद करण्याचा इशारा दिला. ही योजना २०१८ साली सुरू झाली तेव्हा एकरी, एका हंगामाला चार हजार रुपये देत असे. म्हणजे शिक्षेचा पहिला आघात झाला तोही पैशाच्या वाटेवरच. रोपाला हात लावणाऱ्याच्या खात्यात सरकारचा पैसा येऊ द्यायचा नाही, हा निर्णय तत्काळ घेता आला. त्याच रोपासाठी बी कोणी दिले, उचल कोणी दिली आणि माल उचलण्याचा वायदा कोणी केला, हे मात्र रोपाच्या पानावर लिहिलेले नसते.

येथेच आपल्या प्रश्नाला धार येते. दोन्ही ठिकाणी रोप एकच आहे. एका ठिकाणी त्यापासून दूर राहिलेला मनुष्य तिमाही अहवाल छापतो. दुसऱ्या ठिकाणी त्याच्याजवळ सापडलेला मनुष्य तुरुंगात जातो. देशांचे कायदे भिन्न आहेत हे मान्य. पण अंतराने दोष कमी होतो ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच काम करते.

आपल्या धर्मशास्त्राने अंतराला इतकी सवलत दिलेली दिसत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या संदर्भात आठ जणांना घातक म्हटले आहे. त्यात मारणारा आहे, तोडणारा आहे, विकत घेणारा व विकणारा आहे, शिजवणारा, वाढणारा व खाणारा आहे. परंतु गणनेचा आरंभ ज्याने होतो तो अनुमंता, म्हणजे नुसती संमती देणारा. ज्याने शस्त्राला स्पर्शही केला नाही, त्याचे नाव सर्वांत आधी. स्मृतीतील इतर अनेक विधानांबद्दल आज आपले मतभेद असतील, माझेही आहेत. पण ही गणना करणाऱ्याने मानवी व्यवहार जवळून पाहिला होता, यात शंका नाही.

तथापि ही गणना अशीच लांबवत गेलो तर जगात निर्दोष असा कोणी उरणार नाही. गांजाच्या दुकानापुढचा रस्ता बांधणारा, दुकानाला वीज देणारा, त्याच्या नोकराच्या मुलांना शिकवणारा गुरुजी, हे सगळेच अनुमंते ठरतील. ज्या विचाराने सर्वांवर सारखाच दोष येतो, तो विचार कोणालाच काही शिकवत नाही. तेव्हा रेषा कोठे ओढावी?

या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी दुसऱ्याचा पैसा सांभाळण्याची परंपरा आहे. १९०६ साली मंगळुरात अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी जिची स्थापना केली ती संस्था पुढे कॅनरा बँक झाली. १९२५ साली उडुपीस निघालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ पासून रोज दोन आण्यांची पिग्मी ठेव दारोदार जाऊन गोळा केली. (२०२० साली ती कॅनरा बँकेतच विलीन झाली.) त्या दोन आण्यांत हमालाचे होते, कोळिणीचे होते, आणि क्वचित ताडीवाल्याचेही असतील. ठेव घेणाऱ्याने प्रत्येक नाण्याचे गोत्र विचारले नाही, म्हणून त्याला कोणी दोष देणार नाही. कारण ताडीवाल्याने आज चार मडकी जास्त विकावीत अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न होण्याचे कारण नव्हते. त्याची ओढ ठेवीकडे होती, ताडीकडे नव्हती. पण समजा, त्याच माणसाला सांगितले की दर मडक्यामागे तुला एक पैसा मिळेल. तो अजूनही मडक्याला हात लावणार नाही. पण संध्याकाळी गुत्त्यापुढची गर्दी पाहून त्याला बरे वाटू लागेल. माझ्या मते रेषा येथे आहे. ज्याची मिळकत वस्तूच्या मापाबरोबर वाढते, तो वस्तूच्या बाहेर नसतो, मग त्याचे हात कितीही स्वच्छ असोत. हुंडणावळ आणि अडत यांत आपल्या पेढीवाल्यांनी जो भेद मानला, त्याच्या मुळाशी थोडेबहुत हेच असावे: एक पैशाच्या प्रवासाचे मोल आहे, दुसरी मालाच्या खपाचा वाटा आहे. या कसोटीवर पाहता तिमाही अहवाल हा मोठा प्रामाणिक दस्तऐवज ठरतो. कंपनी तोंडाने काहीही म्हणो, अहवालातील पहिलाच आकडा सांगतो की खप वाढला तर आम्ही वाढलो.

अर्थात खप वाढावा असे वाटणे हेच पाप, असे मी म्हणत नाही. वस्तूचा दोष किती, यावर ते अवलंबून आहे. आणि गांजाच्या दोषाविषयी आपली परंपरा एकमुखाने बोलत नाही. अथर्ववेदात भंगेचे नाव आदराने आले आहे, महाशिवरात्रीला भांग शंकराचा प्रसाद मानली जाते, आणि १९८५ च्या कायद्यानेही बोंडांविरहित पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानभर साक्षी घेऊन मर्यादित सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, संपूर्ण बंदी नको, कर व नियंत्रण असावे, असा अभिप्राय दिला होता. त्याचबरोबर पैशाची सुरक्षित वाट काढणाऱ्यांनी एक खरे काम केले, हेही मान्य करावे लागेल. २०२२ च्या आरंभी वॉशिंग्टन राज्यात गांजाच्या दुकानांवर सशस्त्र दरोड्यांची लाट आली आणि त्यांत माणसे मेली. गल्ल्यात रोकड कमी असती तर तो तरुण नोकर कदाचित वाचला असता. असे म्हणणाऱ्याला केवळ नफेखोर म्हणून झटकून टाकता येत नाही.

म्हणून माझा आक्षेप धंद्यावर नाही, दाव्यावर आहे. वाटा घ्यायचा आणि नाव नाकारायचे, हे जमत नाही. जमवू गेले की खोटे बोलावे लागते. मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयात दोघांना दोषी ठरवण्यात आले, ते प्रकरण येथे पाहण्यासारखे आहे. एका गांजा घरपोच देणाऱ्या कंपनीचे पंधरा कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे कार्डव्यवहार त्यांनी बँकांतून पार करवले होते. त्यासाठी बनावट दुकाने उभी केली, आणि गांजाची विक्री कुत्र्यांच्या वस्तू, चेहऱ्याची मलमे, हिरवा चहा अशा नावांखाली दाखवली. खटला गांजा विकल्याचा नव्हता. बँकांना फसवल्याचा होता. यापेक्षा सौम्य प्रकार म्हणजे दुकानातील विक्री ही जणू यंत्रातून रोकड काढली असे दाखवणे. रक्कम पुढच्या पूर्णांकापर्यंत वाढवायची व वरचे पैसे गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे, म्हणजे कागदावर ते खरेदी न दिसता रोकड दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिसा कंपनीने या प्रकाराविरुद्ध ताकीद दिली, जुलै २०२३ मध्ये मास्टरकार्डने आपल्या डेबिट कार्डांवरील असे व्यवहार थांबवण्यास सांगितले. ज्याला रोपाचा स्पर्श नको असतो त्याला हळूहळू रोपाचे नावही नकोसे होते, आणि नाव बदलण्याच्या त्या घटकेला तो हात लावणाऱ्यापेक्षा अधिक अपराधी होतो. उटनूरच्या शेतकऱ्याने निदान गांजाला गांजाच म्हटलेले असते.

सरकारचीही यातून सुटका नाही. संविधानाचा ४७ वा अनुच्छेद राज्याला मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीसाठी यत्न करण्यास सांगतो. आणि निजामाच्या काळापासून या मुलखात अबकारीचे उत्पन्न हा खजिन्याचा मोठा आधार राहिला आहे. हर्रास व्हायचा, गुत्तेदार बोली बोलायचा, आणि सरकार एकही पेला न भरता आपला वाटा घ्यायचे. तिमाही हिशेबाची कल्पना आपल्याकडे अमेरिकेतून यावी लागली नाही.

देवस्थानांच्या विश्वस्तांना हा प्रश्न वेगळ्या रूपाने भेटतो. जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती मोठ्या अंशी चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारातून आली. त्याच घराण्याच्या दानातून १८४५ साली मुंबईचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच वर्षी माहीमचा बांध खुला झाला. त्या रुग्णालयात बरा झालेला रोगी अफूचा ऋणी आहे काय, हा वाद करण्यात मला रस नाही. दान स्वीकारावे, पण स्वीकारताना मूळ विसरण्याची अट मान्य करू नये. आता दानपेटीशेजारी फोनवरून दान देण्याचा छापील चौकोन लागलेला असतो आणि देणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. तेव्हा मोठी रक्कम देणाऱ्यास त्याचा उद्योग विचारणे हे आतिथ्याविरुद्ध आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पुन्हा उटनूरकडे. १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या डोंगरांतील गोंडांच्या जमिनी सावकारांच्या व बाहेरून आलेल्यांच्या हाती कशा गेल्या, ते लिहून ठेवले. त्या सावकारानेही नांगराला कधी हात लावला नव्हता. आजचा कायदा याबाबतीत कागदावर तरी मनूच्या यादीशी जुळतो: लागवड करणाऱ्यास जास्तीत जास्त दहा वर्षे, तर अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यास २७-अ कलमाखाली कमीत कमी दहा व जास्तीत जास्त वीस वर्षे. पण धाड पडते ती शेतावर. रोपे उपटून मोजली जातात व पंचनाम्यात संख्या लिहिली जाते. उचल किती होती, कोणी दिली आणि तिची फेड कशात ठरली होती, हे शोधायचे तर शेत सोडून गावाबाहेर जावे लागते, आणि त्या रस्त्यावर मोजण्याजोगे एकही रोप उभे नसते.