जीर्णोद्धाराचा धर्म आणि जुनी पेठ

ईश्वर सर्वव्यापी असेल, तर एखादी जुनी वास्तू जपण्याला धार्मिक अर्थ काय उरतो, हा प्रश्न हिंगोली जिल्ह्याच्या भूमीला नवा नाही. औंढा नागनाथ येथे पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी, जेथे देव नसेल तेथे हे पाय उचलून ठेव, असे नामदेवांना सांगितले आणि नामदेव ते पाय जेथे ठेवतील तेथे पिंड प्रकटू लागली, अशी आख्यायिका आहे. या बोधाने दगडाचे महत्त्व संपले असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्याच औंढ्याच्या मंदिराचा कोरीव काळ्या दगडाचा यादवकालीन खालचा भाग आणि त्यावर उत्तरकाळात चढलेले शिखर एकत्र पाहिले, म्हणजे सर्वव्यापी देव मानणाऱ्या समाजानेही भंगलेली वास्तू टाकून दिली नाही, हे स्पष्ट होते.

विहीर, तलाव, देवालय यांच्या उभारणीला धर्मशास्त्र ‘पूर्त’, म्हणजे लोकोपयोगी धर्मकार्य, म्हणते, आणि अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा, म्हणजे जीर्ण वास्तूच्या पुनःस्थापनेचा, स्वतंत्र विधी आला आहे. परंपरेने काम सुरू होण्यापूर्वी मूर्तीतील चैतन्य मंत्रपूर्वक कलशात घेतले जाते आणि काम पूर्ण होताच पुन्हा प्रतिष्ठित केले जाते. चैतन्य दगडावेगळे होऊ शकते हे विधीला मान्य आहे, तरीही त्याला स्वस्थानी परत आणल्याखेरीज जीर्णोद्धार पुरा होत नाही.

हाच निकष कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरसारख्या बाजाराच्या गावांना लावता येतो. 1958 च्या केंद्रीय कायद्याने प्राचीन स्मारकाच्या संरक्षणासाठी किमान 100 वर्षांच्या वयाबरोबर राष्ट्रीय महत्त्वाचीही अट घातली असल्याने, खाली दुकान आणि मागे बिऱ्हाड असलेले साधे माळवदी घर त्या संरक्षणाच्या कक्षेत सहसा येत नाही. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर असे हे माळवद दर पावसाळ्यापूर्वी माती टाकून, चोपून घ्यावे लागते. म्हणजे त्याचे आयुष्य त्याखाली राहणाऱ्या माणसांच्या नित्य हातावर अवलंबून असते, आणि माणसे हलली की दोन-चार पावसाळ्यांत ते खचू लागते.

म्हणून पेठेचे चैतन्य तिच्या दर्शनी भागात नसून तेथील दुकानदार, कारागीर, भाडेकरू आणि आठवडी बाजाराला येणारे शेतकरी यांच्यात आहे, असे मानावे लागते. 1964 च्या व्हेनिस सनदेनेही वास्तूचा समाजोपयोगी वापर तिच्या जतनास साहाय्यक मानला आहे. दुरुस्तीसाठी दुकानदाराला तात्पुरते हलवावे लागले, तर ते मूर्तीतील चैतन्य कलशात घेण्यासारखे आहे. पण काम झाल्यावर त्याच जागी, परवडणाऱ्या भाड्यात, त्याला परत आणले नाही, तर जुने खांब कितीही चकचकीत झाले तरी त्याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. नामदेवांना मिळालेल्या बोधाशी हे विसंगत नाही. देव सर्वत्र आहे असे मानणाऱ्याला तो दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या माणसातही मानावाच लागतो.