जाहिरातीतला साक्षीदार

रविवारची मिस्सा आटोपली की आपल्यापैकी बरेच जण थेट डहाणूच्या बाजाराची वाट धरतात. तिथे मासे घेताना आपण काय करतो? पापलेटचे कल्ले उघडून पाहतो. बोट दाबून मांस घट्ट आहे का ते बघतो. वास घेतो. कोळीण ओळखीची असली तरी हे सगळे करतो आणि तिलाही त्याचा राग येत नाही. चिकूचेही तसेच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे नाव दूरवर पोहोचले. तरी आपण टोपलीतला चिकू हाताने चाचपल्याशिवाय पिशवीत टाकत नाही.

मग त्याच पिशवीत आणखी काही वस्तू येतात. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीचा डबा, केसांचे तेल, तोंडाला लावायची क्रीम, थंड पेयाची बाटली. या वस्तूंचे कल्ले मात्र आपण उघडून पाहत नाही. डब्यावर काय छापले आहे ते वाचत नाही. दुकानदाराला फक्त सांगतो, "तो अमका हिरो दाखवतो ना, तेच द्या." वीस रुपयांच्या मासळीला जी चौकशी लावतो, ती चारशे रुपयांच्या डब्याला लावत नाही. असे का व्हावे?

त्याचे एक कारण असे की तो चेहरा आपल्या घरात रोज येतो. नातेवाइकांपेक्षा जास्त वेळा येतो. एखाद्या खेळाडूने देशासाठी शतके ठोकली, एखाद्या अभिनेत्रीने पडद्यावर आईची भूमिका केली आणि आपण रडलो, तर त्यांच्याविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. ती आपुलकी खोटी नाही. पण कंपनी विकत घेते ती नेमकी हीच आपुलकी. खेळाडूने बॅट कशी धरावी हे सांगितले तर त्याचे जरूर ऐकावे, ते त्याने आयुष्यभर केले आहे. पण पंखा कोणता घ्यावा किंवा मुलाची उंची कशाने वाढते, हे त्याला आपल्याहून जास्त ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

आपण जाहिरातीला करमणूक समजतो. खरे पाहता ती एक साक्ष असते. "मी हे वापरतो, तुम्हीही वापरा" असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. गावात भांडणतंटा झाला की साक्षीदाराला आपण दोन प्रश्न विचारतो. तू स्वतः पाहिलेस का? आणि यात तुझा काही फायदा आहे का? पहिल्याचे उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचे "होय" असेल, तर त्या साक्षीला पंच काडीची किंमत देत नाहीत. टीव्हीवरच्या साक्षीदाराला मात्र हे दोन प्रश्न आपण कधी विचारत नाही.

केरळमध्ये एका ग्राहकाने ते विचारले. 'धात्री' नावाच्या केसांच्या क्रीमची जाहिरात पाहून त्याने ती घेतली. केस काही वाढले नाहीत, उलट चेष्टा झाली. तो त्रिशूरच्या जिल्हा ग्राहक मंचात गेला. जाहिरातीत झळकलेले मल्याळम अभिनेते अनूप मेनन यांची उलटतपासणी झाली. तेव्हा त्यांनी कबूल केले की ही क्रीम आपण वापरलेली नाही, आपण आईने घरी केलेले तेल लावतो. मंचाने कंपनीला आणि अभिनेत्याला प्रत्येकी १० हजार रुपये दंड केला. २०२१ च्या सुरुवातीला ही बातमी देशभर गाजली. दंडाची रक्कम लहान होती. पण आईच्या हातचे तेल लावणारा माणूस लाखो लोकांना दुसरेच काही लावायला सांगत होता, हे त्या एका प्रश्नामुळे उघड झाले.

आता कायदाही हेच म्हणू लागला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला आणि त्यात काम करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत. त्या व्यक्तीला एक वर्ष, आणि पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, जाहिराती करण्यास मनाई करता येते. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियमावली काढली. तिच्यानुसार जाहिरातीत दिलेले मत प्रामाणिक हवे, त्यामागे वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा. पण कायदा बहुतेक वेळा तक्रार झाल्यावर येतो. तोवर डबा घरात आलेला असतो आणि पैसे गेलेले असतात.

शिवाय पळवाटाही आहेत. आपल्या राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पान मसाल्याच्या नावाने, तेच रंग आणि तेच अक्षर वापरून, वेलचीची जाहिरात मोठमोठे नट करतात. पाहणाऱ्याला वेलची आठवत नाही, नाव आठवते. त्या नट मंडळींपैकी काहींना उशिरा का होईना टोचणी लागली. अमिताभ बच्चन यांनी २०२१ साली अशा एका कंपनीशी करार संपवला. अक्षय कुमार यांनी २०२२ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागून माघार घेतली. त्यांनी चूक मान्य केली हे चांगलेच झाले. पण एखाद्या पोराने ते नाव लक्षात ठेवून टपरीवर पुडी मागितली असेल, तर ती माफी त्याच्यापर्यंत पोहोचली का?

काही जाहिराती खिशापेक्षा मनाचे नुकसान जास्त करतात. 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम १९७५ साली बाजारात आली. गोरी झालीस तरच नोकरी, गोरी झालीस तरच चांगले स्थळ, असे आपल्या मुलींना एका पिढीनंतर दुसऱ्या पिढीने ऐकले. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर' हा शब्द काढला आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. नाव बदलायला काही दिवस लागतात. पण उन्हात वाडीवर राबणाऱ्या मुलीला स्वतःच्या रंगाची लाज वाटू लागली, ती लाज तितक्या लवकर जात नाही. देवाने दिलेला रंग हा दोष आहे, असे सांगणारी साक्ष खोटी आहे. ती देणारी अभिनेत्री कितीही सुंदर असो.

मग सगळ्याच जाहिराती वाईट आहेत का? नाही. १९९७ साली व्हॅटिकनने जाहिरातींच्या नीतीवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. जाहिरात हे साधन आहे, ते चांगल्या कामीही येते आणि वाईट कामीही, असे त्यात मानले आहे. मात्र तीन कसोट्या दिल्या आहेत. जाहिरात सत्याला धरून असावी, माणसाची प्रतिष्ठा राखणारी असावी आणि समाजाविषयी जबाबदार असावी. पोलिओच्या दोन थेंबांसाठी अमिताभ बच्चन यांनी घराघरांतल्या आयांना हाक दिली, ती या तिन्ही कसोट्यांना उतरली. लस शास्त्राने तपासलेली होती आणि बूथवर ती फुकट मिळत होती. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात आरोग्यसेविकांचा वाटा मोठा आहेच, पण त्या हाकेचाही आहे. यातून एवढेच शिकावे की प्रसिद्ध माणूस आपल्याला हाक मारू शकतो, वस्तूची हमी मात्र देऊ शकत नाही. हमी तपासणीतूनच येते.

तसेच प्रत्येक कंपनीचा माल टाकाऊ आणि सुटा माल चांगला, असेही नाही. सुट्या तेलात भेसळ असू शकते. बंद पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, तारीख, घटक आणि अन्नसुरक्षेचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो. काही बिघडले तर कोणाला धरायचे ते कळते. हा विश्वास डोळस आहे. पाकिटाच्या पुढच्या बाजूला हिरो असतो आणि मागच्या बाजूला माहिती असते. आपण पाकीट उलटे करायला शिकले पाहिजे.

जुन्या करारात एक शहाणपणाचा नियम आहे. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा करू नये, दोघे-तिघे हवेत. खरेदीलाही हा नियम लावता येईल. जाहिरात हा पहिला साक्षीदार. दुसरा म्हणजे पाकिटामागचा मजकूर. त्यात साखर किती आहे ते पाहावे. 'शक्ती' देणाऱ्या पावडरीत पहिल्या दोन-तीन घटकांत साखर दिसली तर थोडे थांबावे. तिसरा साक्षीदार म्हणजे ज्याचा त्या विक्रीत काहीच फायदा नाही असा जाणकार, मग ती अंगणवाडीतली ताई असो वा आरोग्य केंद्रातले डॉक्टर. नाचणीची भाकरी, अंडे, शेंगदाणे, चिकू यांना कोणी नट मिळत नाही. पण म्हणून ते कमी पौष्टिक ठरत नाहीत. फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. बिल जपून ठेवावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा.

हे लिहिताना आम्हाला स्वतःकडेही पाहावे लागले. देवाची आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. ती फक्त नटांसाठी नाही. कमिशन मिळते म्हणून एखादी गुंतवणुकीची योजना किंवा वजन कमी करायची पावडर आपण नातेवाइकांच्या गळ्यात मारतो. न तपासलेला औषधाचा निरोप मोबाइलवर पुढे पाठवतो. "मी स्वतः घेतलंय, बिनधास्त घ्या" असे म्हणतो. तेव्हा आपणही तेच करत असतो. उलट आपण जास्त दोषी ठरतो. कारण नटाचे बोलणे लोक थोडे तरी सोडून देतात. चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचे मात्र खरे मानतात. त्या विश्वासावर कमाई करणे म्हणजे शेजाऱ्याला लुबाडणे आहे.

२०१४ साली अहमदाबादच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना अमिताभ बच्चन यांनी एक आठवण सांगितली. जयपूरमध्ये एका लहान मुलीने त्यांना विचारले होते की, आमच्या बाई ज्या पेयाला विष म्हणतात त्याची जाहिरात तुम्ही का करता? त्यांना उत्तर देता आले नाही आणि पुढे त्यांनी ती जाहिरात सोडली. एवढ्या मोठ्या माणसाला एका शाळकरी मुलीने विचारात पाडले, कारण तिच्या बाईंनी तिला विचार करायला शिकवले होते.

आपली मुले दुकानासमोर हट्ट धरतात तेव्हा आपण एकतर रागावतो किंवा हरतो. परवडत नसेल तर मनातून खजीलही होतो. त्याऐवजी पाकीट त्यांच्या हातात देऊन उलटे करायला सांगू या. "यात काय काय आहे ते वाच. तो हिरो हे खरंच खातो का रे? आणि हे सांगायचे त्याला पैसे मिळतात का?" पहिल्या दिवशी हट्ट थांबणार नाही. पण हळूहळू मूल स्वतःच कल्ले उघडून पाहायला शिकेल. पुढे मोठेपणी मत मागणारे, नोकरी देणारे आणि झटपट श्रीमंत करणारे त्याच्या दारात येतील, तेव्हाही हे दोन प्रश्न त्याच्या कामी येतील.