जे दुर्मीळ, तेच मौल्यवान?



सीझरला कर द्यावा की न द्यावा, या प्रश्नात प्रभू येशूला अडकवायला परुशी आले. तेव्हा प्रभूने त्यांच्याकडेच एक नाणे मागितले आणि त्यावरची मुद्रा कोणाची व लेख कोणाचा, एवढेच विचारले. हा प्रसंग आपण कितीदा तरी ऐकला आहे. त्यातील मुद्रा आपल्या ध्यानात राहते, लेखाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. परंतु जगात अशीही माणसे आहेत, की त्यांचे सारे लक्ष त्या लेखावरच असते. प्राचीन रोमन चांदीच्या नाण्यांवरील लेखांचे दुर्मीळ प्रकार जमवणे हा त्यांचा छंद. आपल्याला तो लांबचा वाटेल. पण त्यात आपणा सर्वांना लागू पडणारा एक प्रश्न आहे. जे दुर्मीळ, तेच मौल्यवान असते काय?

प्रभूपुढे आणलेले ते नाणे बहुधा सम्राट तिबेरियसचे देनारियस असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. वजन जेमतेम चार ग्रॅम, किंमत मजुराच्या एका दिवसाच्या रोजाएवढी. एका बाजूस सम्राटाचे मस्तक आणि भोवती लॅटिन लेख: दैवी ऑगस्टसचा पुत्र तिबेरियस सीझर ऑगस्टस. दुसऱ्या बाजूस बसलेली स्त्री आणि 'महायाजक' ही सम्राटाची पदवी. तिबेरियसच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. 14 ते 37 या काळात, हे नाणे भरपूर पाडले गेले. व्यापाराच्या ओघात ते आपल्या देशातही आले. दक्षिण भारतात जमिनीत सापडलेल्या रोमन चांदीच्या साठ्यांत ऑगस्टस आणि तिबेरियस यांचीच नाणी सर्वांत जास्त आहेत. म्हणजे हे नाणे काही दुर्मीळ नव्हे. तरीही बाजारात त्याला चांगला भाव येतो, तो केवळ शुभवर्तमानातील त्या प्रसंगामुळे.

दुर्मीळ लेखांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या काळी नाण्याचा प्रत्येक ठसा कारागीर हाताने कोरत असे आणि नाणे हातोड्याच्या घावाने पाडले जाई. जागा थोडी, पदव्या लांबलचक. म्हणून शब्द तोडून लिहिले जात. कोणी एक अक्षर जास्त घेई, कोणी एक गाळी. इ. स. 193 मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस सम्राट झाला, तेव्हा सिरियाकडील टांकसाळींतही त्याची नाणी पाडली गेली. ग्रीक भाषेत वाढलेल्या तिकडच्या कारागिरांच्या हातून लॅटिन लेखात अनेक चुका झाल्या. आज संग्राहक नेमक्या त्याच चुका शोधत असतात. चांदी तेवढीच, वजन तेवढेच. पण एका अक्षराच्या फरकाने किंमत कितीतरी पट वाढते.

हा वेडेपणा आहे, असे म्हणून आपण हसू नये. बारकाईने पाहणे हा मोठा गुण आहे. इ. स. 286 मध्ये कॅरॉसियस नावाच्या सेनानीने ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित केले. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर चित्राखाली 'आर एस आर' ही तीन अक्षरे आढळतात. ती टांकसाळीची खूण असेल किंवा एखाद्या अधिकाऱ्याचे पद असेल, असे तर्क होत राहिले. 1998 मध्ये गी द ला बेदोयेर या इंग्रज अभ्यासकाने दाखवून दिले, की ती महाकवी व्हर्जिलच्या एका काव्यातील तीन शब्दांची आद्याक्षरे आहेत. ज्या काव्यात ख्रिस्तजन्माचे भाकीत आहे असे पूर्वीचे ख्रिस्ती वाचक मानत, तेच हे काव्य! तीन अक्षरांकडे कोणी प्रेमाने पाहिले, म्हणून शेकडो वर्षे मुके असलेले नाणे बोलू लागले.

मग बिघडते कुठे? छंदाच्या पोटी दोन इच्छा असतात. एक जाणून घेण्याची आणि दुसरी, 'हे फक्त माझ्याकडेच असावे' ही. दोन्ही एकाच घरात राहतात, म्हणून ओळखणे कठीण. ओळखायला एक कसोटी आहे. 1929 मध्ये बल्गेरियातील रेका देव्हनिया येथे रोमन चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यातील सुमारे 81 हजार नाण्यांची मोजदाद झाली आणि यादी प्रसिद्ध झाली. कोणता प्रकार किती दुर्मीळ, हे ठरवताना संग्राहक आजही त्या यादीतील आकडे पाहतात. समजा, उद्या असाच एक हंडा निघाला आणि आपल्याजवळच्या एकुलत्या नाण्यासारखी दोनशे नाणी त्यात मिळाली, तर? ज्याला जाणायचे आहे तो आनंदेल. ज्याला मिरवायचे आहे त्याची झोप उडेल. दुसऱ्याला मिळाले म्हणून आपले कमी झाले, असे ज्या सुखात वाटते, ते सुख तपासून पाहिले पाहिजे.

हाच हव्यास पुढे नुकसानही करतो. जमिनीतला हंडा गुपचूप फोडून नाणी एकेक करून विकली, की कोणते नाणे कोणाबरोबर होते ही माहिती कायमची जाते. उलट 2010 मध्ये इंग्लंडमधील फ्रोम येथे एका हौशी शोधकाला मातीत नाण्यांनी भरलेले मडके लागले. त्याने पुढे खणणे थांबवले आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांना बोलावले. मडक्यातून थराथराने 52,503 नाणी निघाली आणि त्यांत कॅरॉसियसची पाच चांदीची नाणीही होती. हात आवरला म्हणून सर्वांना ज्ञान मिळाले. आपल्याकडेही दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878 चा कायदा आहे.

नाण्यांचे सोडा, आपल्या घराकडे पाहू. शेजाऱ्याकडे नाही म्हणून आपल्याला आवडणारी वस्तू आपल्या कपाटात एकही नाही काय? मुलाचे गुण, लग्नातला थाट, बंगल्याची उंची यांतला आपला आनंद किती आणि इतरांकडे नसल्याचा आनंद किती?

लूकच्या शुभवर्तमानातील दहा नाण्यांची बाई आठवा. तिची दहाही नाणी चांदीची, एकसारखी, रोजच्या व्यवहारातली. हरवलेल्यावर काही निराळा लेख होता, असे प्रभू सांगत नाही. तरी ती दिवा लावते, घर झाडते, आणि नाणे सापडल्यावर ते लपवून न ठेवता शेजारणींना बोलावते. तिचा आनंद वाटल्याने कमी होत नाही.

देवाच्या हिशेबात दुर्मीळपणाला भाव नाही. जगात माणसे आठ अब्जांहून अधिक झाली, म्हणून एकाचीही किंमत उतरलेली नाही. सीझरची मुद्रा नाण्यावर होती. आपल्यावर कोणाची आहे, हे आपण जाणतो. शेजाऱ्यावरही तीच आहे.